पाहुणीसाठी पेटवलेला हीटर

"अरे देवा, हात आहेत का बर्फ!" एम्लिनने शेजारच्या प्रॉसरबाईंचे हात हातात घेतले आणि चटकन सोडले. "बसा आधी. पेटवतो."

"राहू दे हो. माझ्यापायी उगाच गॅस कशाला जाळता?"

"गप्प बसा!" म्हणत एक्याऐंशी वर्षांचा एम्लिन गुडघे कडकड वाजवत खाली बसला आणि त्याने गॅसचा हीटर पेटवला. बाई नेहमीप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीत टेकल्या. आगीजवळ बसलं की त्यांना घेरी यायची म्हणे. मग हीटरसमोरची खुर्ची आपोआप एम्लिनच्या वाट्याला यायची.

वेल्सच्या त्या खाणगावात एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांची ती गल्ली, आणि गल्लीची जुनी रीत होती. पाहुणा आला की आग पेटलीच पाहिजे. एकट्यासाठी पेटवणं म्हणजे उधळपट्टी. एम्लिनच्या आईने पोरांना घरात कोट घालून बसवलं, पण पाहुण्याला कधी थंडीत बसू दिलं नाही. तिचा मुलगा तिच्याहून कडक निघाला.

त्यातून यंदा गॅस कंपनीने तिसऱ्यांदा दर वाढवले, आणि त्याच आठवड्यात तिच्या नफ्याची बातमी पेपरात पहिल्या पानावर झळकली. एम्लिनचं डोकंच फिरलं. "या हिवाळ्यात त्या चोरांना माझ्याकडून एक ठिणगी मिळणार नाही," असं त्याने भर दुकानात जाहीर केलं. रांगेत मागे प्रॉसरबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मागच्या वर्षी न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते?"

"म्हणाले, आणखी एक हिवाळा गार घरात काढलात तर वसंत दिसणार नाही. त्यांना बोलायला काय जातंय? पैसे मला भरावे लागतात."

दोनच दिवसांनी सकाळी दहाला बाई त्याच्या दारात उभ्या. अंगात विटका स्वेटर, हात गारठलेले. आपणही घरातली आग कायमची बंद केली, परवडतच नाही, एवढंच त्यांनी खाली मान घालून सांगितलं. एम्लिनने त्यांना आत घेतलं. आपलं ठीक, आपण हट्टी. पण या बाईने एकटीने गारठून मरायचं? त्याच्या डोळ्यांदेखत? अजिबात नाही! तेव्हापासून रोज दहा ते सहा बाई त्याच्याकडे आणि हीटर चालू.

आणि काय बाई होती! सत्तरी उलटलेली, पण थंडीची कुरकुर म्हणून नाही. वर रोज सूप घेऊन यायची. "जास्त झालं, टाकवत नाही." स्वतः कुडकुडत असताना दुसऱ्याचा विचार करायला केवढं काळीज लागतं, असं एम्लिनला रोज वाटायचं. त्याचा खोकलासुद्धा यंदा पळाला होता. ती त्या सुपाची करामत, याबद्दल त्याला शंका नव्हती.

"वाचा पुन्हा ते," तो पेपर पुढे करायचा.

"'विक्रमी नफ्याबद्दल कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांचे मनापासून आभार मानले.'"

"आभार! मेल्याच्या घरी पोहायला गरम पाण्याचा तलाव असेल."

"असेल कशाला, आहेच. तुम्ही-आम्हीच तापवला तो."

मग दोघं पोट धरून हसायची. शिव्या द्यायला सोबत असली की हिवाळा लवकर सरतो.

गॅसच्या मीटरचं कार्ड दुकानात नेऊन त्यात आगाऊ पैसे भरून आणायचं कामही बाईंनी आपणहून घेतलं होतं, एम्लिनचे गुडघे दुखतात म्हणून. एम्लिन द्यायचा तेवढ्याच पैशांत हल्ली गॅस दुप्पट दिवस पुरायचा. दारांच्या फटींत जुने मोजे कोंबल्याचा हा प्रताप, असं एम्लिन छाती फुगवून सांगायचा. "हरवलं की नाही कंपनीला?"

"तुमच्यासारखं डोकं त्यांच्याकडे एकालाही नाही," बाई सूप वाढत म्हणायच्या.

त्याची मांजरही बाईंवर खूश होती. हीटर बंद झाला की ती बाईंच्या घराकडच्या भिंतीला पाठ लावून झोपायची. दुसऱ्या कुठल्या भिंतीकडे ढुंकूनही बघायची नाही.

जानेवारीत एका सकाळी नळ गोठले. दहा वाजले, बाई आल्या नाहीत. सव्वादहा झाले, तरी पत्ता नाही. एम्लिनला राहवेना. आपण संध्याकाळी सहाला त्यांना त्या गार घरात परत पाठवतो, आणि रात्रभर त्या एकट्या! झोपायला इथेच या, असं एकदाही म्हणालो नाही. कंपनीने गाठलं शेवटी बाईला. काठी घेऊन तो मागच्या अंगणात धावला आणि मधल्या बुटक्या भिंतीवरून त्याने पलीकडे पाहिलं.

प्रॉसरबाई अंगणात होत्या. त्यांच्या मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आतली ऊब थेट भिंतीपलीकडे एम्लिनच्या तोंडावर येत होती. अंगात अर्ध्या बाह्यांचा झगा, गाल लाल, कपाळावर घाम. विटका स्वेटर दाराच्या कडीला लटकत होता. आज पावसाच्या पाण्याच्या पिंपात बर्फ जाड धरला होता, फुटता फुटत नव्हता, आणि बाई लाटण्याने तो दणादण फोडत होत्या. शेवटी एकदाचा फुटला. बाईंनी दोन्ही हात कोपरापर्यंत पिंपात खुपसले, डोळे घट्ट मिटले आणि दात खात आकडे मोजायला सुरुवात केली.

त्या साठपर्यंत पोहोचायच्या आत एम्लिन पाय न वाजवता घरात परतला, गुडघे टेकून बसला आणि त्याने हीटर पेटवला, आयुष्यात पहिल्यांदा, घरात कोणी पाहुणं नसताना.