तिघांसाठी

यादी फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली अडकवलेली होती. नाताळला हव्या असलेल्या खेळांची. थोरलीनं सकाळभर खपून लिहिलेली, समास सोडून, पट्टीनं रेघा आखून. किल्ल्यांचा खेळ, आगगाड्यांचा, चोर शोधायचा, शब्द जुळवायचा, असे एकूण सात. प्रत्येक नावापुढे कंस आणि कंसात एकच शब्द. तिघांसाठी.

आईनं भांडी विसळता विसळता ती वाचली. मग हात पुसून जवळ जाऊन पुन्हा वाचली.

घरात माणसं चार.

वाण्याच्या यादीपेक्षा लांब झाली की ही, असं नवरा मागून म्हणाला. तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं, तर तो हसायलाच लागला. आठ वर्षांची घोडी झाली, घरातली माणसं मोजता येत नाहीत, शिकवणी लावा आता, म्हणाला आणि चहाचा कप घेऊन बाहेर सामना बघायला गेला.

तिनं ओट्याखालचा खण ओढला. लशींची कार्डं, हमीपत्रं, जुने रिपोर्ट, तिला कधी कागद म्हणून टाकवत नसे. तळाशी गेल्या वर्षीची यादी सापडली. तेव्हा थोरलीला लिहायचा भारी कंटाळा. ती नावं सांगायची आणि आजोबा लिहायचे. तेच तिरकं, थरथरतं अक्षर. प्रत्येक खेळापुढे, चौघांसाठी.

तेव्हा घरात माणसं पाच होती.

एक माणूस गळलं म्हणून तेव्हाही सगळे हसले होते. आजोबा पेन्सिलीला टोक काढत होते. मान वर न करता ते म्हणाले होते, "मी पंच. पंचाला मोजत नाहीत." फेब्रुवारीत ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हातातला पेपरसुद्धा खाली पडला नव्हता.

तिनं दोन्ही याद्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, अर्धा दिवस विहिरीसारख्या पोकळीत लोंबकळत असतो. धाकटा पाच वर्षांचा, चेंडू रस्त्यावर गेला की मागेपुढे न बघता धावतो, आणि पंधरा दिवस झाले तरी खोकला हटत नाही. आणि ती स्वतः. मागच्या आठवड्यात जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली होती, ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. नवरा, धाकटा, ती. फिरून फिरून तीच तीन माणसं. एकेकाला तिनं मनातल्या मनात बाजूला काढून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी घाईघाईनं परत आत घेतलं.

वेडेपणा आहे, असं ती स्वतःशी पुटपुटली. तरी खोडरबर शोधलंच. पहिल्या ओळीतलं 'तिघांसाठी' खोडून तिथं 'चौघांसाठी' लिहिते तोवर थोरली पाणी प्यायला आत आली.

"खोडू नकोस ना, आई. मी बरोबर लिहिलंय."

"तिघं म्हणजे कोण?"

"खेळणारे."

"कोण कोण ते सांग."

थोरलीनं पेला उपडा करून जागेवर ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसानं काहीतरी अगदीच सोपं विचारलं की मुलं बघतात, तसं.

"चल," आई म्हणाली. "आत्ताच खेळायचं. सगळ्यांनी."

आवाज जरा चढलाच असावा, कारण नवऱ्यानं सामना ऐन रंगात असूनही मुकाट्यानं टीव्ही बंद केला. धाकटा पलंगाखालून खोकत खोकत बाहेर आला. तिनं कपाटावरचा जुना खेळ काढला, जमिनीवर पट उलगडला. दुपारचं ऊन पटावर पडलं होतं. सोंगट्यांचे रंग घरात कायमचे ठरलेले होते. नवऱ्याची काळी, धाकट्याची लाल, तिची पिवळी, थोरलीची हिरवी. आजोबांची निळी तिनंच फेब्रुवारीत एका छोट्या डबीत ठेवून दिली होती. टाकवत नव्हती आणि पटावर बघवतही नव्हती. डबी खोक्याच्या कोपऱ्यात तशीच होती.

नवऱ्यानं काळी उचलली. धाकट्यानं लाल उचलून आधी तोंडात घातली, मग शर्टाला पुसली. आईनं आपली पिवळी तिच्या घरात मांडली आणि श्वास सोडला. काळी, लाल, पिवळी. तिन्ही आहेत. तिघंही आहेत. उगाच जिवाला घोर लावून घेतला.

मग तिला पटावरचं चौथं, हिरवीचं घर रिकामं दिसलं.

थोरलीनं आपली हिरवी सोंगटी हातात धरली होती. तिनं डबी उघडली, हिरवी निळीच्या शेजारी ठेवली आणि अंगठ्यानं झाकण दाबून बसवलं. मग उठली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. त्या खुर्चीत फेब्रुवारीपासून कोणी बसलं नव्हतं. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"पहिली पाळी माझी," धाकटा म्हणाला आणि कोणाची वाट न बघता फासा टाकून मोकळा झाला. मग नवऱ्यानं टाकला. फासा घरंगळत आईच्या गुडघ्याला येऊन थांबला. तिला तो उचलता येईना.

"टाक ना, आई," थोरली खुर्चीतून म्हणाली. "मी बघतेय."