निम्मी होडी

"तू माझी कमाई बघितलीस," ओड्वार दारातच म्हणाला. अजून बूटसुद्धा काढले नव्हते त्याने.

हेर्दिसने कॉफीचा डबा खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

"करखात्याने. मंगळवारी बघितलीस."

बघितलं की असं कळवतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. त्यांच्या देशात कुणाचीही कमाई कुणालाही बघता येते; पूर्वी तर ती गावच्या पेपरात छापून यायची. दुकानात बसून लोक ती मोठ्याने वाचायचे, मास्तरांना किती, पाद्रीबुवांना किती, आणि ज्याचं नाव निघे तोही तिथेच बसून हसायचा. कोणी वाचलं हे कोण विचारतंय! आता सगळं कॉम्प्युटरवर, आणि बघणाऱ्याचं नाव ज्याचं बघितलं त्याच्याकडे हजर. भाचीने यादी उघडून दिली, पण एवढी गोष्ट सांगायची विसरली मेली.

"एकतीस जणांनी बघितलं," ओड्वार म्हणाला. "त्यातल्या तीस जणांना मी ओळखतही नाही. एकतिसावी तू. सरळ मला विचारायचंस ना."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नसतं," तो म्हणाला.

"मग बूट काढ आणि आत ये. घर गार पडतंय. वीज काय फुकट येते?"

तो नेहमीच्या जागी, चुलीकडे पाठ करून बसला. सॅमन माशांच्या धंद्यात पडल्यापासून हा शाळेतला सोबती वर्षातून दोनदाच यायचा, पण बसायचा तिथेच. समोर टेबलावर त्यानेच पाठवलेला कागद होता. होडीच्या शेडचं छप्पर नव्याने घालायचं, सुतार एक लाख ऐंशी हजार क्रोनर मागत होता. खाली ओड्वारच्या अक्षरात लिहिलं होतं, 'निम्मं निम्मं, नेहमीसारखं. नव्वद तू, नव्वद मी.'

साठ वर्षं ती होडी दोघांची होती. डांबर असो, नवी फळी असो की वल्हं, खर्चाचा निम्मा वाटा ठरलेला. त्यात कधी वाद झाला नव्हता.

"इतकं सहज लिहिलंस," हेर्दिस म्हणाली, "म्हणून म्हटलं बघावं तरी, नव्वद हजार तुला म्हणजे किती. एक दिवस, ओड्वार. तुझा एक दिवस. आणि माझी साडेचार महिन्यांची पेन्शन. चाळीस वर्षं कारखान्यात मासे कापले मी. गावात चारचौघांना मिळतं तेवढं मलाही मिळालं, तक्रार नाही. पण सरपण, वीज, दातांचा डॉक्टर, एवढं झालं की लोणी घेतानासुद्धा किंमत बघावी लागते हल्ली."

ओड्वारचे कान लाल झाले. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"कसं येईल?"

"मग सगळे मी देतो."

"मग ती तुझी होडी झाली. तुझ्याकडे आहेत की तीन, एकीत तर झोपायचीसुद्धा सोय आहे म्हणे. ही चौथी. मी ठरवलंय, माझा वाटा सोडते. घेऊन जा."

बोलून ती चुलीकडे वळली. तिला रडू येत होतं आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं. होडी गेली की वर्षातून दोनदा येणारा हा माणूसही यायचा बंद होणार, हे तिला पक्कं माहीत होतं. पण भीक म्हणून राखलेली होडी तिला नको होती.

कॉफी उकळली.

"जिभा आठवतात?" ओड्वारने विचारलं.

तिला हसू फुटलं. न आठवायला काय झालं? शाळा सुटली की पोरं थेट बंदरावर जायची. कॉड माशाचं मुंडकं खिळ्यावर अडकवायचं, सुरीने जीभ कापायची आणि आपापल्या बादलीत टाकायची. जितके किलो तितके पैसे. अकरा-बारा वर्षांची असताना एका हिवाळ्यात दोघांनी त्या पैशांतून ही होडी घ्यायचं ठरवलं, निम्मी त्याची, निम्मी तिची. बोटं बधिर व्हायची, नाक गळायचं, अंगाला माशांचा वास यायचा. पण त्या हिवाळ्याइतकी श्रीमंत ती पुन्हा कधी झाली नाही.

"तुझा हात काय चालायचा," तो म्हणाला. "माझी एक होईपर्यंत तुझ्या तीन."

"तू तोंडच जास्त चालवायचास."

"आणि मी वखारीमागे लघवीला जाऊन आलो की माझी बादली जड झालेली असायची."

कॉफी ओतता ओतता हेर्दिसचा हात थांबला. आपल्या बादलीतल्या जिभा ती गुपचूप त्याच्या बादलीत टाकायची, ही गोष्ट तिने कधीच कुणाला सांगितली नव्हती. आईलासुद्धा नाही.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. म्हणून तर इतक्यांदा जायचो."

"लबाड कुठला."

"असेन. पण तू कधी म्हणालीस, की आता होडी माझी एकटीची म्हणून?"

ओड्वारने सुताराचा कागद पुढे ओढला आणि खिशातून पेन काढलं.

"हेर्दिस," तो म्हणाला, "तू जरा बाहेर जाऊन ये ना."

वखारीमागे जायची पाळी आता तिची होती. मग तिने खुंटीवरचा स्वेटर अंगात घातला, बूट चढवले आणि दार ओढून घेऊन बाहेर गेली. परत यायची तिने मुळीच घाई केली नाही.