गाद्याचा वाटा

"नाखवा, होडीत वास कसला येतोय हो?" सरोजबाईंनी पदर नाकाला लावला आणि घोडबंदरच्या धक्क्यावरच त्या अडून राहिल्या.

होडी दामाजीने सकाळीच फिनेलने धुतली होती. वास मांदेलीचा होता. बायकोने, मंजुळेने, निघताना कागदात बांधून दिलेली मूठभर मांदेली त्याच्या पायाशी होती. आता डोंबिवलीहून मेटाडोर करून डॉल्फिन बघायला आलेली मंडळी. त्यांना कुठला हा वास सोसायला? दामाजीने पुडी उचलून धक्क्यावर ठेवली. ती लगेच मांजराने पळवली.

मग सगळे चढले. इंजिन सुरू झालं, गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या.

खाडीच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं. माणसं पाण्याकडे डोळे लावून बसली. बराच वेळ झाला, तरी काही दिसेना.

"आज नाहीत वाटतं," कोणीतरी कुरकुरलं.

दामाजीने वल्हं हातात घेतलं आणि घुटमळला. त्याच्या घरात डॉल्फिनला गादा म्हणत. जाळं ओढलं की आधी गाद्याचा वाटा काढायचा, ही रीत. बाप वल्ह्याने फळीवर ठोके द्यायचा, गादे होडीपाशी यायचे आणि तो मासळी पाण्यात सोडायचा. रिकाम्या हाताने ठोकायचं नाही, एवढं मात्र त्याने लेकाला बजावून ठेवलं होतं. पुढे खाडीत कारखान्यांचं पाणी उतरलं, जाळ्यात नुसता चिखल येऊ लागला, आणि दामाजी मासळीऐवजी माणसं वाहू लागला.

त्याने फळीवर ठोकलं. पुन्हा ठोकलं.

पाणी हललं. आधी एक करडी पाठ वर आली, मागोमाग तिचं पिल्लू. होडीत एकच गलका झाला, कॅमेरे निघाले. मादी थेट दामाजीच्या बाजूला आली आणि तोंड वर करून थांबली. त्याचा हात आपसूक पायाशी गेला. तिथे नुसती ओली फळी होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मादी थोडा वेळ थांबली, मग वळली आणि दूर गेली. पिल्लू मात्र होडीला धरून राहिलं. तोंड वर काढायचं, बुडायचं, परत काढायचं.

"किती गोड आहे नाही?" सरोजबाई हरखून गेल्या होत्या. "पुढच्या रविवारी बहिणीला घेऊन येते. येतील ना हो नक्की?"

दामाजीने वल्हं आडवं ठेवलं.

"आईचा काय भरोसा नाय," तो म्हणाला. "पिल्लू येल. त्याला अजून ठाव नाय."