अ‍ॅडमिरलच्या केबिनचं दार

सत्त्याऐंशी साली आमची क्रूझर भंगारात निघाली. दोन लढाया पाहिलेली बोट. मी तिच्यावर अ‍ॅडमिरलसाहेबांचा खानसामा. साहेब 'जा' म्हणेपर्यंत केबिनमधून कुणी हलत नसे. ते बोट भंगारात जाण्याआधीच वारलेले. त्यांच्या केबिनचं लोखंडी दार मी गावी, मांद्र्याला आणून घरच्या कोठीला बसवलं. हसा हवं तर.

दुसऱ्याच दुपारी माझी बायको सोनाबाई नारळ काढायला आत गेली आणि दार मिटलं ते मिटलंच.

"अगो, कडी काढ!"

"हंय कडी खंय आसा? भायरसून ढकला!"

आतून कडी नव्हतीच. बाहेरून खांदा लावला, हलेना. मग जुन्या सवयीनं, बोटीवर चहा नेताना ठोठावायचो तसं, दोनदा ठोठावलं.

आत खुर्ची सरकली. कोठीत खुर्ची नाही.

सोनाबाई कुजबुजली, "अहो, ते सांगतत, मी 'जा' म्हणेपर्यंत हलायचं नाही."