खालचा उजेड

भर दुपारी सोसायटीच्या बोअरपाशी शैलाकाकू आणि शेजारचा केयूर एकाच सोलापुरी चादरीत डोकी खुपसून बसले होते. उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसत नाही, म्हणून ही शोभा. केयूर कंपनीतून सुट्टी काढून आलेला, लॅपटॉप त्याचा जुनाच, विंडोजऐवजी लिनक्सवर कसाबसा तग धरून असलेला. त्याला बोअरमध्ये सोडायच्या कॅमेऱ्याची डबी जोडली होती. बाहेर वॉचमन कडूबा बोअरच्या तोंडाशी उकिडवा बसून कॅमेऱ्याची केबल खाली सोडत होता.

पडद्यावर चित्र आलं, ते या दोघांच्याच घामेजलेल्या चेहऱ्यांचं.

"हे काय रे? मला पाणी बघायचंय, माझं थोबाड नाही!" काकू म्हणाल्या.

केयूरनं मोबाइलवरून लिनक्सच्या ग्रुपवर विचारलं. तिथं तात्यासाहेब म्हणून एक गृहस्थ होते. त्यांना कुणी कधी पाहिलेलं नव्हतं, पण लोकांच्या अडून बसलेल्या मशिनी तेच उठवायचे. लगेच उत्तर आलं, 'शून्य नंबरचा कॅमेरा लॅपटॉपचा स्वतःचा. दोन नंबर लावून बघ.' दोन लावला तर नुसत्या करड्या पट्ट्या धावायला लागल्या. 'सेटिंगमध्ये चित्राची पद्धत अमेरिकेतली, एनटीएससी असेल, ती आपल्याकडची 'पाल' कर.' पट्ट्या थांबल्या आणि कॅमेऱ्यावरच्या दिव्याच्या उजेडात बोअरची भिंत दिसली. कोरडीठाक.

काकूंचा जीव टांगणीला लागला होता, आणि का लागू नये? नळ या बाजूला अजून पोचलाच नव्हता, बोअरला पाणी येईनासं झालं होतं, आणि टँकरवाल्यानं फोन उचलायचं सोडून दिलं होतं. अर्धी बिल्डिंग पाहुण्यांकडं निघून गेलेली. काकूंचे यजमान वर तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले; त्यांना घेऊन बाई जाणार कुठं? तळाला पाणी दिसलं तर मोटार अजून खाली उतरवायची, नाहीतर... नाहीतरच्या पुढचं त्या बोलतच नव्हत्या.

"सोड अजून, कडूबा!"

"सोडतोय बाई. लई खोल हाय हे. तळच लागंना."

भिंत सरकत राहिली. काळा दगड, मग तांबूस, मग परत काळा. आणि पार खाली, मधोमध, एक पांढरा ठिपका चमकला.

"पाणी!" काकू किंचाळल्याच. "केयूर, पाणी रे! आपलाच दिवा चमकतोय त्यात!" चादरीतच त्यांनी हात जोडले आणि रडायला लागल्या.

केयूरलाही हुरूप आला. त्यानं ग्रुपवर फोटो टाकला.

'अभिनंदन!' तात्यासाहेबांनी लिहिलं. 'तरी खात्री करून घे. कॅमेऱ्याचा दिवा बंद कर. पाण्यात आपलाच दिवा दिसत असेल तर तोही जाईल.'

केयूरनं डबीवरचं बटण दाबलं. भिंत काळी झाली. खालचा ठिपका तसाच होता. मग तोही विझला.

"गेला ना? झालं तर मग!" काकूंनी डोळे पुसले.

'उशिरा गेला,' केयूरनं लिहिलं.

'चित्र मागं पडत असेल. होतं असं.'

'मग भिंतपण उशिरा जायला पाहिजे होती. भिंत लगेच गेली.'

तात्यासाहेबांच्या नावाखाली 'टाइप करत आहे' असं यायचं, जायचं, परत यायचं. चादरीत श्वास घेववत नव्हता. दिवा बंद, पडदा काळा, केयूरचे दोन्ही हात मांडीवर.

खालचा ठिपका लागला. आपणहून. विझला. परत लागला, परत विझला. बटण चालतंय का, हे कुणीतरी बघत असावं तसं.

"कडूबा, जवळ दुसरा कुणाचा बोअर हाय का रे, असाच कॅमेरा सोडलेला?"

"कुठला हो, केयूरभाऊ? सगळा माळच हाय की." कडूबाचा आवाज चादरीबाहेरून आला. "का बरं? काय दिसलं?"

मोबाइल थरथरला. 'कॅमेरा वर घे,' तात्यासाहेबांनी लिहिलं होतं. 'लगेच. काही विचारत बसू नकोस.'

"ओढ, कडूबा! वर ओढ!"

काकूंनी केयूरचं मनगट धरलं. एवढ्या उकाड्यात त्यांचा हात गार पडला होता. त्यांना काही कळलं नव्हतं असं नाही. पण नजर त्या ठिपक्यावरून हलेना.

"थांब रे," त्या हळूच म्हणाल्या. "आधी खालच्यांना विचार, त्यांच्याकडं पाणी आहे का."