चार बरण्या

वडील गेल्यावर अरुणीनं आईला थायलंडहून अमेरिकेत विचिटाला आणलं खरं, पण आईची अन्नावरची वासनाच उडाली. शहरातली चार थाई हॉटेलं दोघींनी पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी आई एक घास घेऊन चमचा ठेवायची. “गोऱ्यांसाठीचा पाक आहे हा!” पाचव्या ठिकाणी अरुणीनं कंटाळून एकच वाडगा नूडल्स मागवल्या. आईनं थाई मालकिणीलाच विचारलं, “टेबलावरच्या चार बरण्या कुठायत? चव ज्याची त्यानं लावून घ्यायची असते, पोरी!” ओशाळलेल्या मालकिणीनं आतून आपल्या जेवणाच्या बरण्या आणल्या: मिरचीपूड, व्हिनेगर, फिश सॉस, साखर. आईनं भराभर कालवलं आणि सवयीनं वाडगा समोर सरकवला. मग चपापली. “अगं, हे ह्यांच्या चवीचं झालं.” अरुणीनं तेच खाल्लं. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. “तुझे बाबाही असेच रडत खायचे,” आई म्हणाली. “आता माझा वाडगा मागव.”