प्रश्न सहावा, गुण दहा

सहाव्या प्रश्नाखाली एकच ओळ होती. ‘पॉयसन वितरण लागू होत नाही. कारण पुरवणीत लिहिले आहे.’

संख्याशास्त्राच्या सरांनी उत्तरपत्रिका उलटीपालटी करून पाहिली. दोरा होता, दोऱ्याला गाठही होती, पण पुरवणीचा पत्ता नव्हता.

“शून्य द्या आणि पुढची घ्या,” समोर बसलेले गणिताचे परीक्षक म्हणाले. “अजून साठ उरल्यात. जेवायची सुट्टी तरी पदरात पडू दे.”

सरांनी पहिल्या पाच प्रश्नांचे गुण पुन्हा जोडले. चौतीस. पास व्हायला चाळीस लागत. सातवा आणि आठवा प्रश्न कोराच होता. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पण अक्षर काही लपत नाही. हे शेवटच्या बाकावरच्या बाईंचं अक्षर होतं, आणि सर तसं बोलूनही गेले.

नोकरदारांसाठी संध्याकाळी भरणाऱ्या त्या वर्गात बाई दोन वर्षं येत होत्या. चाळिशीच्या असतील. बाकीचे विद्यार्थी आकडे दिसले की सूत्रावर झडप घालत. बाई मात्र आधी विचारत, “सर, अटी तपासल्या का?” या प्रश्नासाठी सरांना त्या मनापासून आवडत. इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगितलेलं कुणाच्या तरी डोक्यात शिरलं होतं म्हणायचं.

“या वयात हा खटाटोप कशाला?” सरांनी एकदा विचारलं होतं.

“शिफ्टची नोकरी आहे, सर. आता टेबलावरची हवी. माणसं नकोत, आकडे चालतील.”

सर तेव्हा हसले होते. पण हा अभ्यासक्रम यंदा बंद होणार होता. या पेपरात गचकल्या, तर बाईंची दोन वर्षं पाण्यात.

“प्रश्न तरी काय होता एवढा?” गणितवाल्यांनी विचारलं.

सरांनी प्रश्नपत्रिका पुढे सरकवली. ‘एका दालनात चौदा दिवे आहेत. महिन्याला सरासरी दोन दिवे जातात. गेलेला दिवा लगेच बदलतात. एका महिन्यात नऊ दिवे गेले. योग्य वितरण निवडा आणि हा योगायोग मानता येईल का ते सांगा.’

“सोपं आहे की. चौदा दिवे, म्हणजे द्विपद वितरण.”

“अर्धा वर्ग तिथेच आपटलाय. दिवा लगेच बदलतात ना? मग चौदाची मर्यादा उरत नाही. महिन्याला सरासरी दोन, एवढंच हातात राहतं. पॉयसन लावायचं. नऊ किंवा त्याहून जास्त जाण्याची शक्यता दहा हजारांत दोन-तीन.”

“म्हणजे योगायोग नाही.”

“नाही,” सर म्हणाले, आणि पेनाला टोपण लावून उगाच खिडकीकडे बघत बसले.

दिवे नव्हतेच ते. खाटा होत्या. दोन वर्षांपूर्वी सरांची बायको गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी चौदा खाटांच्या वॉर्डात दाखल झाली. चार दिवसांत घरी, असं ठरलं होतं. तिने जाताना ओट्यावर डाळ निवडून ठेवली होती. ती परत आली नाही. त्या महिन्यात वॉर्डातली नऊ माणसं गेली. सर रोज तिथे बसायचे, पण मास्क आणि टोप्यांमधून कुणाचा चेहरा म्हणून दिसला नव्हता. चौकशी झाली, गुंडाळली गेली. मोठे डॉक्टर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “योगायोग हो, सर. तुम्हाला आम्ही काय सांगायचं?”

सरांनी ते गणित शंभरदा केलं होतं. योगायोग नाही, एवढंच ते सांगायचं. का गेली, हे काही सांगायचं नाही. ते कळल्याशिवाय त्यांना धड रडताही येत नव्हतं. यंदा त्यांनी खाटांचे दिवे केले आणि प्रश्न पेपरात घातला. आपल्याशिवाय आणखी कुणीतरी तो सोडवावा, इतकीच इच्छा. वेडेपणाच होता, पण एकट्या पडलेल्या माणसाला असला वेडेपणा सुचतो.

“अहो, बाई कारखान्यात असतील,” गणितवाले म्हणाले. “सगळे दिवे एकाच फ्यूजवर असतील, असं लिहिलं असेल त्यांनी. खुसपट काढायचं, झालं.”

“खुसपट कसलं? बरोबरच होईल ते,” सर म्हणाले आणि उठले. त्यांनी गठ्ठा सोडला. घाईच्या वेळी शिपाई पुरवण्या भलत्याच उत्तरपत्रिकांना बांधतो, हे दरवर्षीचंच. गणितवाले डबा घेऊन निघून गेले. सर एकेक गाठ तपासत राहिले.

एकेचाळिसाव्या उत्तरपत्रिकेला दोन पुरवण्या होत्या. दुसरीवर बाईंचं अक्षर आणि बाईंचा क्रमांक.

‘पॉयसनची पहिली अट अशी, की प्रत्येक घटना स्वतंत्र हवी. ती अट इथे पाळली गेलेली नाही.’

सरांना बरं वाटलं, फार दिवसांनी. मॉडेल उत्तराच्याही पुढे गेल्या होत्या बाई. त्यांनी समासात दहापैकी दहा लिहिले, बेरीज चव्वेचाळीस केली, खाली सही ठोकली आणि मग निवांत पुढचं वाचायला घेतलं.

‘सर, हे दिवे नाहीत, हे मला चौदा आणि नऊ वाचतानाच कळलं. त्या नऊ जणांना एकाच खोक्यातली इंजेक्शनं दिली होती. ती नेहमीच्यापेक्षा चौपट ताकदीची होती. खोकं मी फोडलं होतं, आणि रोजचंच म्हणून लेबल वाचलं नव्हतं. ते वाचलं नवव्या वेळी, तुमच्या मिसेसना सुई टोचून झाल्यावर.’